वायूचा दाब आणि शर्करेचे समघटक

रसायनशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत दोन प्रकारचे प्रश्न बहुधा हटकून आढळतात. पहिल्या प्रकारात एखाद्या वायूचे आकारमान, दाब व तपमान देऊन त्यांपैकी एक राशी बदलल्यास दुसरी किती होईल, असे विचारलेले असते. दुसऱ्या प्रकारात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचे रेणुसूत्र एकच असता त्यांना भिन्न पदार्थ का मानावे, हे स्पष्ट करावयास सांगितलेले असते. विद्यार्थी पहिला प्रश्न अंकगणित समजून सोडवितो आणि दुसरा पाठांतराच्या बळावर लिहितो. या दोन प्रश्नांचा परस्परांशी काही संबंध असेल, अशी शंकाही त्याला शिवत नाही. वस्तुतः दोन्ही प्रश्न रेणूसंबंधीच आहेत. एकात रेणू किती आहेत हे पाहावयाचे असते, दुसऱ्यात रेणू कसा आहे हे. शिवाय या दोन प्रश्नांची गाठ प्रत्यक्ष इतिहासातच पडलेली आहे, आणि तीही एकाच रसायनशास्त्रज्ञाच्या हातून.

दाब म्हणजे काय

हवा भरलेल्या फुटबॉलला बोटाने दाबले असता तो परत दाबतो. हा प्रतिकार आतील वायूच्या रेणूंच्या आघातांमुळे उत्पन्न होतो. नेहमीच्या तपमानास व दाबास एका घन सेंटिमीटर हवेत सुमारे २५ वर अठरा शून्ये इतके रेणू असतात आणि ते दर सेकंदास सुमारे ५०० मीटर इतक्या सरासरी वेगाने इतस्ततः धावत असतात. एकेका रेणूचा धक्का अतिशय क्षुद्र. परंतु धक्क्यांची संख्या इतकी प्रचंड, की ते सुटे सुटे न जाणवता भिंतीवर एकसारखा रेटा असल्याप्रमाणे भासतात. डॅनिएल बर्नुली याने ही कल्पना १७३८ साली मांडली होती, पण तिचा खरा उपयोग व्हावयास जवळजवळ सव्वाशे वर्षे लागली.

ही कल्पना मनात पक्की असली, म्हणजे नियम पाठ करण्याचे श्रम पुष्कळसे वाचतात. आकारमान निम्मे केले तर भिंतींवरील धक्के दुप्पट होतात. हाच रॉबर्ट बॉइलचा १६६२ सालचा नियम. तपमान वाढविले की रेणूंचा वेग वाढतो आणि दाबही वाढतो. एका भांड्यात दोन वायू मिसळले तर प्रत्येक जण आपापला दाब देतो व एकूण दाब ही त्यांची बेरीज असते. हा डाल्टनचा नियम. हे सर्व एका सूत्रात सामावते: दाब × आकारमान = मोलसंख्या × वायुस्थिरांक × निरपेक्ष तपमान. दाब वातावरणदाबात आणि आकारमान लिटरमध्ये मोजले असता वायुस्थिरांक ०.०८२१ येतो.

या सूत्राकडे नीट निरखून पाहिले असता एक नवलाची गोष्ट ध्यानात येते. त्यात वायूचे नाव कोठेच नाही. हायड्रोजनचा एक मोल २ ग्रॅमचा, ऑक्सिजनचा ३२ ग्रॅमचा. तरीही सारख्याच भांड्यात, सारख्याच तपमानास दोघांचा दाब समान. सोळापट हलका रेणू इतकाच जोराचा रेटा कसा देतो? याचे उत्तर असे, की एकाच तपमानास हायड्रोजनचे रेणू ऑक्सिजनच्या रेणूंच्या चौपट वेगाने धावतात. ०° सेल्सिअसला हा वेग अनुक्रमे सुमारे १८४० व ४६० मीटर प्रतिसेकंद इतका असतो. वस्तुमान सोळावा भाग आणि वेग चौपट, म्हणून प्रत्येक धक्का चतुर्थांश जोराचा. पण वेग चौपट असल्याने तो भिंतीवर येऊन आदळतोही चौपट वेळा. चतुर्थांश गुणिले चार म्हणजे एक, आणि हिशेब बरोबर जुळतो. वायूचा दाब रेणूंची केवळ शिरगणती करतो; त्यांचे कुळ विचारीत नाही. पुढील सर्व विवेचनाचा आधार हाच आहे.

परीक्षेत गुण जातात ते मात्र बहुधा सूत्राच्या अज्ञानामुळे नव्हे, तर तीन लहान चुकांमुळे. पहिली चूक तपमानाची. २७° चे ५४° झाले म्हणून दाब दुप्पट झाला, असे लिहिणारे विद्यार्थी दरवर्षी सापडतात. निरपेक्ष मापाने ही वाढ ३०० वरून ३२७ इतकीच, म्हणजे शेकडा नऊ आहे. दुसरी चूक दाबमापकाची. सायकलच्या धावेतील दाब मोजणारे उपकरण बाहेरच्या हवेपेक्षा आतील दाब किती अधिक आहे, एवढेच दाखविते. सकाळी २७° ला ते २ वातावरणदाब दाखवीत असेल, तर आतील खरा दाब ३ असतो. दुपारी तापलेल्या रस्त्यावर धाव ४७° पर्यंत तापली आणि तिचे आकारमान बदलले नाही असे धरले, तर खरा दाब ३ × ३२० ÷ ३०० म्हणजे ३.२ होईल आणि उपकरण २.२ दाखवील. प्रथमपासूनच २ ही संख्या घेऊन गणित करणारास २.१३ असे चुकीचे उत्तर मिळते.

तिसरी चूक पाण्याच्या बाष्पाची. प्रयोगशाळेत ऑक्सिजन पाण्यावर गोळा करतात, तेव्हा नळीत ऑक्सिजनबरोबर पाण्याचे बाष्पही असते. समजा, २७° ला, वायुभारमापक ७५० मिलिमीटर दाखवीत असता, २५० घन सेंटिमीटर वायू जमला. या तपमानास बाष्पाचा दाब सुमारे २७ मिलिमीटर असतो, म्हणून ऑक्सिजनचा स्वतःचा दाब ७२३. प्रमाण तपमान व दाबास, म्हणजे ०° व ७६० मिलिमीटरला, त्याचे आकारमान २५० × (७२३ ÷ ७६०) × (२७३ ÷ ३००) म्हणजे सुमारे २१६ घन सेंटिमीटर होते. बाष्प विसरल्यास उत्तर २२४ च्या पुढे जाते, आणि त्या आठ घन सेंटिमीटरांच्या फरकाचा ऑक्सिजन कोठून आला हे कोणासच सांगता येत नाही.

प्रत्यक्ष वायू हे सूत्र तंतोतंत पाळीत नाहीत, विशेषतः अधिक दाबास व कमी तपमानास. व्हान डर वाल्सने १८७३ साली त्यासाठी दुरुस्ती सुचविली. शालेय गणितात तिची गरज पडत नाही.

साखरेचा दाब

आता साखरेचा विचार करावयाचा. साखरेला वायुरूप देऊन तिचा दाब मोजता येणे शक्य नाही. तापविली असता ती वितळते, तांबूस होते, जळक्या गुळाचा वास येऊ लागतो आणि अखेर काळा कोळसा उरतो. मग तिच्या रेणूंची शिरगणती करावयाची कशी?

या प्रश्नाचे उत्तर एका वनस्पतिशास्त्रज्ञाच्या भांड्यातून मिळाले. विल्हेल्म फेफर याला वनस्पतींच्या पेशींत पाणी कसे शिरते याचा शोध घ्यावयाचा होता. झिलई नसलेल्या सच्छिद्र चिनी मातीच्या भांड्याच्या भिंतीत त्याने कॉपर फेरोसायनाइडचा पातळ थर बसविला. या थरातून पाणी आरपार जाते, साखर जात नाही. अशा पडद्यास अर्धपार्य पडदा म्हणतात. भांड्यात साखरेचे पाणी भरून ते शुद्ध पाण्यात बुडविले असता बाहेरचे पाणी आत शिरू लागते आणि आतील दाब वाढत जातो. अखेर एका विशिष्ट दाबास पाण्याचे आत येणे थांबते. हाच तर्षण दाब होय. कित्येक पाठ्यपुस्तकांत त्याला परासरण दाब असेही म्हटलेले असते. घरी भिजत घातलेले मनुके टम्म फुगतात, त्याचे कारणही हेच.

फेफरने १८७७ साली प्रसिद्ध केलेले आकडे पाहण्यासारखे आहेत. शेकडा १ साखर असलेल्या द्रावाचा दाब पाऱ्याच्या ५३.५ सेंटिमीटर स्तंभाइतका, शेकडा २ चा १०१.६, शेकडा ४ चा २०८.२ आणि शेकडा ६ चा ३०७.५. प्रमाण जवळजवळ सरळ आहे: साखर दुप्पट तर दाब दुप्पट. चिमूटभर साखर विरघळलेले पाणी जवळजवळ पाऊण वातावरणाइतका रेटा देते, हे वाचून आजही आश्चर्य वाटते.

हे आकडे काही वर्षे वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथातच पडून होते. ॲम्स्टरडॅम येथे याकोबस व्हान्ट हॉफ हा रसायनशास्त्राचा प्राध्यापक होता आणि ह्यूगो द व्ह्रीस हा वनस्पतिशास्त्रज्ञ त्याचा सहकारी होता. त्याच्याकडून व्हान्ट हॉफला फेफरच्या प्रयोगांची माहिती मिळाली. आकड्यांकडे पाहताच त्याच्या लक्षात आले, की हा बॉइलचा नियमच आहे. तपमानाबरोबर होणारी वाढही वायूप्रमाणेच. मग त्याने धाडसाचे गणित केले. साखरेचे जेवढे रेणू त्या द्रावात आहेत, तेवढेच हायड्रोजनचे रेणू तेवढ्याच जागेत कोंडले असते तर त्यांचा दाब किती आला असता? शेकडा १ द्रावाकरिता ६.८° ला गणिताने उत्तर आले ०.६६५ वातावरणदाब, फेफरने मोजलेला दाब होता ०.६६४. ३२° ला गणित ०.७२५ आणि मोजमाप ०.७१६. मातीच्या भांड्यात केलेल्या प्रयोगात याहून अधिक मेळाची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. पाण्यात विरघळलेली साखर, निदान विरल द्रावात, वायूच्याच सूत्राने वागते हे सिद्ध झाले. रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ साली व्हान्ट हॉफला मिळाले, ते प्रामुख्याने या कार्याबद्दल.

तेव्हा परीक्षेतील तर्षण दाबाचे उदाहरण म्हणजे वेषांतर केलेले वायूचेच उदाहरण. एका लिटर द्रावात १८ ग्रॅम ग्लुकोज असून तपमान २७° आहे. ग्लुकोजचा रेणुभार १८०, म्हणून ०.१ मोल. दाब = ०.१ × ०.०८२१ × ३०० = २.४६ वातावरणदाब. ग्लुकोजऐवजी १८ ग्रॅम फ्रुक्टोज घेतले तर? उत्तर तेच, २.४६. गॅलॅक्टोज घेतले तरीही तेच. रेणुभार एकच आणि रेणूंची संख्या एकच, म्हणून दाबमापकाला या तिघींत काही फरक दिसत नाही. फरक शोधावयाचा तर वेगळे साधन हवे.

एकच सूत्र, अनेक शर्करा

ग्लुकोजच्या रेणूत ६ कार्बन, १२ हायड्रोजन आणि ६ ऑक्सिजन अणू असतात. फ्रुक्टोजमध्येही तितकेच. ज्या पदार्थांचे रेणुसूत्र एक पण अणूंची मांडणी निराळी, त्यांना समघटक म्हणतात. येथे एक सूचना अवश्य द्यावी लागते: ग्लुकोज आणि उसाची साखर हे समघटक नव्हेत. उसाच्या साखरेच्या रेणूत १२ कार्बन, २२ हायड्रोजन व ११ ऑक्सिजन असतात; तिचे समघटक म्हणजे दुधातील लॅक्टोज आणि मोड आलेल्या धान्यातील माल्टोज.

ग्लुकोजची कार्बन-साखळी उलगडून पाहिल्यास तिच्या टोकाशी अल्डिहाइड गट असतो, तर फ्रुक्टोजमध्ये दुसऱ्या कार्बनवर कीटोन गट असतो. हा फरक सोपा आहे, पण त्यावरून विद्यार्थी एक घाईचा निष्कर्ष काढतात. फेलिंगचा द्राव अल्डिहाइडमुळे तांबडा साका देतो, म्हणून फ्रुक्टोज तो देणार नाही, असे ते लिहितात. प्रत्यक्षात फ्रुक्टोजही तांबडा साका देते, कारण फेलिंगच्या अल्कधर्मी द्रावात त्याच्या काही भागाचे रूपांतर ग्लुकोज व मॅनोज यांत होते. दोघींना ओळखावयाचे तर ब्रोमीनचे पाणी वापरावे. ते ग्लुकोजचे ग्लुकोनिक अम्लात रूपांतर करते आणि फ्रुक्टोजला हात लावीत नाही.

ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. दोघींत अल्डिहाइड गटच असतो, साखळी तीच, प्रत्येक कार्बनला जोडलेले गटही तेच. फरक इतकाच, की चौथ्या कार्बनवरील हायड्रोजन व हायड्रॉक्सिल यांनी आपल्या जागांची अदलाबदल केलेली असते. कागदावर हा फरक क्षुल्लक वाटतो. त्याचे मर्म पुन्हा व्हान्ट हॉफनेच सांगितले होते, आणि तेही तर्षण दाबाच्या दहा-बारा वर्षे आधी, १८७४ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी. कार्बनचे चार बंध कागदासारखे सपाट नसून चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे वळलेले असतात, असे त्याने एका लहानशा पुस्तिकेत प्रतिपादिले. फ्रान्समध्ये ल बेलनेही त्याच वर्षी स्वतंत्रपणे असाच विचार मांडला. कार्बनला चार निरनिराळे गट जोडलेले असतील, तर मांडणीचे दोन प्रकार संभवतात. ते एकमेकांचे आरशातील प्रतिबिंब असतात, पण एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. उजव्या आणि डाव्या पायांतील वहाणांसारखाच हा प्रकार. हर्मान कोल्बे या ज्येष्ठ जर्मन रसायनशास्त्रज्ञाने या कल्पनेची जाहीर टर उडविली. पशुवैद्यक शाळेत नोकरी करणाऱ्या या तरुणाने तेथील तबेल्यातून पंखांचा घोडा भाड्याने घेतला असावा, अशा आशयाचे त्याने लिहिले. कोल्बे मोठा संशोधक होता. परंतु या वादात त्याचे नाव आज टिकून आहे ते केवळ या थट्टेपायी.

ग्लुकोजच्या उघड्या साखळीत असे चार असममित कार्बन आहेत. प्रत्येकाच्या दोन शक्यता, म्हणून एकूण २ × २ × २ × २ = १६ शर्करा. फ्रुक्टोजच्या साखळीत असे तीनच कार्बन असल्याने तेथे ८. या सोळांपैकी ग्लुकोज नेमके कोणते, हे कोडे एमिल फिशरने १८९१ साली सोडविले. रेणू डोळ्यांनी पाहण्याचे कोणतेही साधन नसता केवळ परीक्षानळीतील क्रिया आणि तर्क यांच्या जोरावर हे कार्य झाले, आणि १९०२ सालचे नोबेल पारितोषिक त्याला लाभले. मात्र आरशातील दोन प्रतिबिंबांपैकी निसर्गातील ग्लुकोज कोणते, हे ठरविण्याचा मार्ग त्याच्यापाशी नव्हता. त्याने एक पर्याय गृहीत धरला. १९५१ साली बायफूट याने क्ष-किरणांच्या साहाय्याने टार्टारिक अम्लाच्या एका लवणाची रचना निश्चित केली, तेव्हा फिशरचा पर्याय बरोबर ठरला. बरोबर येण्याची शक्यता निम्मीच होती, हे विसरता कामा नये.

हा फरक केवळ कागदावरचा नाही. दुधातील लॅक्टोजचे आतड्यात ग्लुकोज व गॅलॅक्टोज असे विघटन होते, आणि निरोगी शरीर गॅलॅक्टोजचे ग्लुकोजमध्ये रूपांतर करून घेते. क्वचित एखादे बालक या कामी लागणाऱ्या एका एंझाइमावाचून जन्मास येते. त्याला आईचे दूधही बाधते. उलट्या होतात, कावीळ होते, यकृत वाढते, डोळ्यांत मोतीबिंदू येऊ लागतो. वेळीच ध्यानात न आल्यास ते दगावते. वेळीच दूध बंद करून लॅक्टोजविरहित आहार दिला, तर जीव वाचतो. त्याच्या रक्तात ग्लुकोज निर्धोकपणे वाहते आणि गॅलॅक्टोज विष ठरते. दोघींत भेद एका कार्बनवरील दोन गटांच्या जागेचा.

प्रकाशाची साक्ष

समघटक ओळखण्याचे एक साधन म्हणजे ध्रुवित प्रकाश. ज्याचे कंपन एकाच प्रतलात होते असा प्रकाश साखरेच्या द्रावातून नेला असता ते प्रतल वळते. उजवीकडे वळविणारे पदार्थ दक्षिणवलनी, डावीकडे वळविणारे वामवलनी. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात, २०° ला, उसाच्या साखरेचे विशिष्ट वलन +६६.५°, ग्लुकोजचे +५२.७° आणि फ्रुक्टोजचे सुमारे −९२° असते. येथेही एक खाचखळगा आहे. नावामागील ‘डी’ हे अक्षर रेणूची ठेवण सांगते, वलनाची दिशा नव्हे. निसर्गातील फ्रुक्टोज ‘डी’ कुळातील असूनही वामवलनी आहे.

ग्लुकोजचा ताजा द्राव पाहिला तर वलन आरंभी +११२° असते आणि हळूहळू ५२.७° वर येऊन स्थिरावते. याचे कारण द्रावात ग्लुकोजची साखळी वलयाचे रूप घेते आणि त्या वलयाचे आल्फा व बीटा असे दोन प्रकार होतात. शुद्ध आल्फाचे वलन +११२°, बीटाचे +१८.७°, स्थिर द्रावात आल्फा सुमारे ३६ टक्के व बीटा ६४ टक्के असते. दाबमापक या बदलाच्या संपूर्ण काळात जागचा हलत नाही, कारण रेणूंची संख्या बदललेलीच नसते.

आता दोन्ही साधने एकाच वेळी कामास लावता येतील अशी क्रिया पाहू. उसाच्या साखरेच्या द्रावात थोडे अम्ल घालून तापविले असता तिच्या प्रत्येक रेणूचे पाण्याच्या साहाय्याने एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज असे दोन रेणू होतात. वलनाचे चिन्ह धनाचे ऋण होते, म्हणून या मिश्रणास व्युत्क्रम शर्करा म्हणतात. मध हे बहुतांशी असेच मिश्रण असते. हीच क्रिया तोडलेल्या उसात आपोआप सुरू होते. म्हणून ऊस तोडल्यावर तो लवकर गाळावा लागतो. तो बांधावर वा गाडीत पडून राहिल्यास साखर फुटते, आणि फुटलेल्या साखरेचे स्फटिक मिळत नाहीत. रसात चुना घालण्यामागील एक हेतूही रसातील आंबटपणा मारून हे फुटणे रोखणे हाच. साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांतून रसाचे ‘पोल’ काढतात, ते ध्रुवणमापकावरूनच. या विषयाचे शास्त्रीय शिक्षण कानपूर येथे १९३६ पासून दिले जात आहे.

एका लिटर द्रावात ३४.२ ग्रॅम उसाची साखर, म्हणजे ०.१ मोल आहे असे धरू. २७° ला तर्षण दाब २.४६ वातावरणदाब. सर्व साखर फुटली की ग्लुकोज ०.१ व फ्रुक्टोज ०.१ मिळून ०.२ मोल होतात आणि दाब ४.९३ वर जातो. (अम्लाचा स्वतःचा दाब येथे हिशेबात धरलेला नाही, परीक्षेत तो वजा करावयास सांगितलेला असू शकतो.) तोच द्राव २०° ला २० सेंटिमीटर लांबीच्या नळीतून पाहिल्यास आरंभीचे वलन ०.०३४२ × २ × ६६.५ म्हणजे +४.५५° येईल. अखेरीस ३६ ग्रॅम मिश्र शर्करा असते आणि तिचे सरासरी विशिष्ट वलन सुमारे −१९.७°, म्हणून ०.०३६ × २ × (−१९.७) म्हणजे −१.४२°.

दाब ३.७० आला तर निम्मी साखर फुटली आहे आणि ध्रुवणमापकाने सुमारे +१.६° दाखवावयास हवे. फुटण्याचे प्रमाण सुमारे ७६ टक्क्यांवर पोचते, तेव्हा मात्र मोठी मौज होते. उजवीकडील वलन आणि डावीकडील वलन परस्परांस छेदतात आणि ध्रुवणमापक शून्य दाखवितो, जणू नळीत साधे पाणीच भरले आहे. त्याच क्षणी दाबमापक मात्र ४.३ वातावरणदाबाच्या पुढे गेलेला असतो, आणि चाखून पाहणारास तो द्राव पहिल्यापेक्षाही गोड लागतो.